टेनिस खेळणाऱ्यांचा दुखरा खांदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळाभर मातीची कोर्टं बंद असतात. गणपती जातात, नवरात्र बसतं, कोर्टावर नवी लाल माती पसरली जाते, रोलर फिरतो. खंडेनवमीला घरच्या विळी-सुरीशेजारी रॅकेटलाही हळदकुंकू लागतं आणि दसऱ्याला पहाटेच सगळे कोर्टावर हजर. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी माझा फोन वाजायला लागतो. मी पुण्यात फिजिओथेरपी करते आणि स्वतः आठवड्यातून तीन सकाळी डबल्स खेळते. त्यामुळे हे प्रश्न मला दवाखान्यापेक्षा कोर्टाच्या बाकावर, बुटाची नाडी बांधता बांधता जास्त विचारले जातात. नोकरी-धंदा सांभाळून हौसेनं खेळणाऱ्यांसाठी ते इथे लिहून काढले आहेत. रोज तीन-चार तास सराव करणाऱ्या स्पर्धेतल्या मुलांचं गणित वेगळं असतं.

काल खेळलो, आज खांदा भरून आलाय. ही दुखापत आहे की नुसती अंगदुखी?

दुखणं कुठे आहे ते बोटानं दाखवून पाहा. सगळा तळहात खांद्यावर, दंडावर, पाठीच्या वरच्या भागावर फिरवून "इथे सगळीकडे" असं म्हणत असाल, तर बहुतेक ती स्नायूंची अंगदुखी. ती खेळताना येत नाही, दुसऱ्या दिवशी येते. खेळानंतर २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते आणि पाच-सात दिवसांत आपोआप निवते. दाबलं की दुखतं, हात थोडा हलता ठेवला की बरं वाटतं. लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे हे होतं असा समज आहे, पण ते खेळ थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं कारण सवय नसलेल्या ताणामुळे स्नायूंच्या तंतूंना झालेली बारीक इजा आणि तिची चाललेली दुरुस्ती हे आहे.

एकाच बोटानं एकच जागा दाखवत असाल, हात एका ठरावीक उंचीवर गेला की कळ येत असेल, रात्री कूस बदलताना जाग येत असेल, तर ती नुसती अंगदुखी नाही. त्यातही हात बाजूनं वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, चमक येते आणि त्याच्या वर गेल्यावर कमी होते, असं वर्णन मी फार ऐकते. तिथे बहुतेक वेळा रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याभोवतीच्या छोट्या स्नायूंच्या, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) कुरकुरत असतात.

खांदाच का? पाय आणि कंबर तर त्याहून जास्त राबतात.

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर पुढचे अर्धे प्रश्न पडणारच नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लहानपणी लिंबू-चमच्याची शर्यत खेळला असाल. खांद्याचा सांधा जवळपास तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा म्हणजे लिंबू आणि पाठीवरच्या खांद्याच्या पात्याला असलेली उथळ खोबण म्हणजे चमचा. चमचा लहान, लिंबू मोठं. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसवलेला असतो, त्याला एवढं स्वातंत्र्य नाही. लिंबू चमच्यात राहावं यासाठी चार छोटे स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून धरून असतात. त्यांच्या कंडरा मिळून माथ्याभोवती एक बाही तयार होते, तोच रोटेटर कफ. आणि चमचा धरणारा हात म्हणजे खांद्याचं पातं. हात वर जाताना पातंही बरगड्यांवरून सरकत वर वळावं लागतं. ते अडकलं की लिंबू डळमळलंच.

आता सर्व्हिस पाहा. हात पुढे फेकण्याचं काम छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू करतात. बॉल रॅकेटवरून सुटल्यावर मात्र तो भरधाव हात थांबवावा लागतो, आणि ते काम मागच्या बाजूच्या या छोट्या स्नायूंच्या वाट्याला येतं. कात्रजचा घाट उतरताना गाडीचे ब्रेक तापतात ना, तसंच. हौशी खेळाडूंमध्ये इंजिन दणकट आणि ब्रेक नाजूक अशी जोडी सर्रास दिसते, कारण जिममध्ये सगळे छाती बनवतात आणि खांद्याच्या मागच्या बाजूकडे कोणी बघत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पायांची. चांगल्या सर्व्हिसमधली निम्म्याहून थोडी जास्त ताकद पाय, कंबर आणि धडातून येते, हे अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे. ती तिथून आली नाही तर बॉल हळू जायला हवा. पण आपल्याला ते मान्य नसतं, आपण ती कसर हातानं भरून काढतो.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे यायचे. टेबलावर तपासलं तर खांद्यात फारसं काही सापडेना. मग एका रविवारी मी बेसलाइनच्या टोकाला उभी राहून त्यांची सर्व्हिस पाहिली. गुडघे सरळ, टाचा मातीला चिकटलेल्या, टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला बॉल, डोक्याच्या मागे. बॉल गाठायला कंबर मागे मोडायची आणि मग एकटा हात सगळा जोर लावायचा. दोन वर्षांपूर्वी जिन्यावर गुडघ्याला मार बसला होता, तेव्हापासून ते वाकणंच विसरले होते. आम्ही दीड महिना गुडघ्यावर आणि मांडीवर काम केलं, टॉस हातभर पुढे आणला. खांद्यासाठी मी त्यांना फक्त दोन व्यायाम दिले होते. त्यांचा खांदा गुडघ्याचं कर्ज फेडत होता.

दसऱ्यानंतर किंवा मोठ्या सुट्टीनंतरच खांदा का धरतो?

कारण आपण जिथे थांबलो होतो तिथूनच पुन्हा सुरू करतो. दम लागतो, पाय दुखतात, ते आपल्याला कळतं. कंडरा मात्र स्नायूंपेक्षा फार सावकाश तयार होतात. स्नायू तीन-चार आठवड्यांत जोर धरतात, कंडरांना महिने लागतात. मधल्या काळात अंगात ताकद असते आणि ती पेलणारी दोरी कच्ची असते.

एकदा आपल्या सर्व्हिस मोजा. डबल्समध्ये चार गेममध्ये एकदा तुमची पाळी. दोन तासांत वीस-बावीस गेम झाले तर तुम्ही पाच गेम सर्व्हिस करता. प्रत्येक गेममध्ये सात-आठ पॉइंट, त्यात काही दुसऱ्या सर्व्हिस, म्हणजे दहा-अकरा. एका सकाळी झाल्या पन्नास-पंचावन्न. एवढ्यावर थांबलं तर खांदा सहसा तक्रार करत नाही. पण खेळ संपल्यावर "आज सर्व्हिस लागली नाही" म्हणून मार्करकडून, म्हणजे क्लबात खेळवणाऱ्या माणसाकडून, बॉलची टोपली घेतली की त्यात आणखी साठ-सत्तर बॉल. एका दिवसात दुपटीहून जास्त. चार वर्षांपूर्वी क्लबच्या स्पर्धेआधीच्या आठवड्यात मी स्वतः हेच केलं होतं आणि पुढचे अडीच महिने उजव्या हातानं केस बांधता येत नव्हते. शिकलेली असूनही मोजलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सुट्टीनंतरचा पहिला आठवडा वीस सर्व्हिस, त्याही निम्म्या जोरानं. पुढे दर आठवड्याला थोड्या वाढवा. पहिल्या दोन आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस खेळू नका.

दुखतंय म्हणजे खेळ पूर्ण बंद करू का?

बहुतेकांना मी नाही म्हणते. तीन आठवडे हात जपून ठेवला की दुखणं जातं, हे खरं. पण त्या तीन आठवड्यांत कंडरा आणखी कच्ची होते, आणि परत आल्यावर पहिल्याच शनिवारी तेच दुखणं पुन्हा दारात उभं. याउलट "खेळता खेळता मोकळा होईल" म्हणून रेटत राहिलं तर महिन्याचं दुखणं वर्षाचं होतं. मधला रस्ता शोधायचा असतो आणि तो शोधायला एक साधं माप पुरतं.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. खेळताना ते तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याइतकंच किंवा कमी असेल, तर जेवढं खेळलात तेवढं खांद्याला पेललं. सकाळची परीक्षा रोज एकाच कामावर घ्या. मी चहाचा डबा वरच्या फळीवर ठेवायला सांगते. झोपेतून उठून डबा काढताना खांदा काल काय म्हणाला आणि आज काय म्हणतोय, हे आपोआप कळतं. डबा काढताना कालपेक्षा जास्त दुखलं तर त्या दिवशी सर्व्हिस नाही, एवढा नियम पाळा.

सोडायचं तर आधी सर्व्हिस आणि स्मॅश सोडा. कंबरेच्या उंचीवरचा फोरहँड, बॅकहँड, नेटजवळची हलकी व्हॉली बऱ्याचदा चालते. चालणं, टेकडी चढणं, पायांचे व्यायाम तर वाढवाच. वेताळ टेकडीची चढण रोज केली तर महिन्याभरात सर्व्हिसलाही पायांचा आधार मिळायला लागतो.

बर्फ लावू की शेकू?

ताजं, गरम लागणारं, सुजलेलं दुखणं असेल तर पहिले एक-दोन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. त्यानं वेदना कमी होते, दुरुस्ती लवकर होते असं मात्र नाही. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि उंच ठेवणं हे जगभर पाठ झालेलं सूत्र अमेरिकेतल्या गेब मिर्किन या डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडलं, आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फामुळे बरं होणं लांबू शकतं. जुनं, आखडलेलं दुखणं असेल तर शेक बरा, विशेषतः खेळायला निघण्याआधी. तेल लावून हलका हात फिरवायला हरकत नाही, आराम वाटतो. हाडवैद्याकडून खांदा ओढून घेणं मात्र नको. निखळलेला खांदा ओढताना रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्हींना धोका असतो.

पेनकिलर घेऊन सामना खेळला तर?

खेळू नका. दुखणं हाच तुमचा एकमेव इशारा आहे आणि गोळी तोच बंद करते. शिवाय रिकाम्या पोटी, घाम गाळताना घेतलेल्या अशा गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं गोळी आणूच नका. रात्रीची झोप उडाली असेल तर डॉक्टरांना विचारून चार दिवस घेणं ही वेगळी गोष्ट.

घरी कोणते व्यायाम करू?

एक रबरी पट्टा आणा. व्यायामाच्या साहित्याच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतो. सुरुवातीला मऊ पट्टा घ्या, जिममध्ये किती किलो उचलता याचा इथे संबंध नाही.

पट्टा खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा. गजाकडे दुखऱ्या हाताची विरुद्ध बाजू करून उभे राहा. कोपर काटकोनात, कमरेला टेकलेलं, आणि कोपर व कंबर यांच्यामध्ये घडी केलेला नॅपकिन. तो पडला म्हणजे कोपर बाहेर गेलं. आता पंजा सावकाश बाहेर न्या, दरवाजा उघडल्यासारखा. दोन आकडे मोजत बाहेर, चार आकडे मोजत परत. सगळं मर्म परत येण्यात आहे. मघाशी ब्रेकचं सांगितलं ना, ते ब्रेक इथे तयार होतात. बहुतेक जण बाहेर नेताना दात-ओठ खातात आणि परत येताना पट्टा सटकन सोडून देतात. मग त्या स्नायूला काही मिळतच नाही. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत खांद्याच्या मागे, पात्याच्या वर जळजळ जाणवली पाहिजे. खांद्याच्या पुढच्या टोकाशी दुखत असेल तर पट्टा जड आहे.

दुसरा व्यायाम पात्यांचा. तोच पट्टा दोन्ही हातांत धरून विहिरीतून पोहरा ओढल्यासारखा पोटाकडे ओढायचा आणि शेवटी पाती एकमेकांजवळ आणायची. खांदे कानाकडे चढू देऊ नका. तिसरा भिंतीवरचा: भिंतीला हात टेकून दंड काढायचे आणि हात सरळ झाल्यावर आणखी दोन बोटं पुढे ढकलायचं, जेणेकरून पाठ पात्यांच्या मध्ये रुंद होईल. हे शेवटचं दोन बोटांचं ढकलणं लोक विसरतात आणि व्यायाम त्याच्यासाठीच असतो.

ताण द्यायचा तो खांद्याच्या मागच्या भागाला. वर्षानुवर्षं सर्व्हिस करणाऱ्यांचा खेळता हात आतल्या बाजूला कमी वळायला लागतो. दोन्ही हात आळीपाळीनं पाठीमागे नेऊन अंगठा मणक्यावर कुठवर पोहोचतो ते पाहा. थोडा फरक सगळ्यांतच असतो. चार बोटांपेक्षा जास्त असेल तर रोज दुखरा हात छातीवरून आडवा ओढून तीस सेकंद धरा, तीनदा. ओढताना पातं भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर पातंच सरकतं आणि सांध्याला ताण मिळत नाही.

हा ताण सोडला तर बाकीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस पुरे, आणि ते खेळून झाल्यावर किंवा खेळ नसलेल्या दिवशी. थकवलेले ब्रेक घेऊन सामन्याला जाऊ नका. किमान बारा आठवडे करायचं. तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं की नव्वद टक्के लोक पट्टा कपाटात टाकतात, असं मला वाटतं, आणि तेच लोक पुढच्या वर्षी परत भेटतात.

वॉर्म-अप किती करावा?

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या आसपास असतो. आठ-दहा मिनिटं तरी द्या: कोर्टाभोवती दोन फेऱ्या, दोरीवरच्या उड्या, हाताची वर्तुळं, मग सर्व्हिस बॉक्समध्ये उभं राहून हलकं खेळणं. पहिल्या सात-आठ सर्व्हिस नेटवरून जातील एवढ्याच जोराच्या. स्वेटर घामाचा पहिला थेंब येईपर्यंत काढू नका.

सूर्यनमस्कार चालू ठेवू का?

हो, पण दुखरा खांदा असताना संख्या निम्मी करा आणि अष्टांग नमस्काराच्या अवस्थेत धपकन खाली येऊ नका. तो भार थेट खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. त्या जागी गुडघे आधी टेका. टिळक तलावावर पोहायला जाणाऱ्यांनी काही दिवस फ्रीस्टाइलऐवजी ब्रेस्टस्ट्रोक करावा.

घरातल्या कामांमुळे दुखणं वाढतं का?

वाढतं, आणि हे कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारते. तुमच्या घरी कपडे छताजवळच्या दांडीवर काठीनं वाळत घालता का? ओली चादर काठीच्या टोकावर तोलत हात डोक्यावर धरणं म्हणजे खांद्यासाठी सावकाश चाललेली सर्व्हिसच. सकाळी दोन तास खेळून घरी आल्या आल्या दोन बादल्या कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना मी आधी तेच काम घरात वाटून घ्यायला सांगते. व्यायाम नंतर. तसंच स्कूटर डबल स्टँडवर ओढून लावणं. पार्किंगमध्ये रोज चार वेळा तो झटका खांद्याला बसतो. काही आठवडे साइड स्टँड वापरा.

हिंजवडीला दिवसभर लॅपटॉपवर वाकून, परत येताना तासभर ट्रॅफिकमध्ये बसून थेट संध्याकाळच्या कोर्टावर येणाऱ्यांची पाती पुढे आणि वर चिकटलेली असतात. गाडीतून उतरल्यावर आधी भिंतीला पाठ लावून हात वर-खाली दहा वेळा सरकवा, मग रॅकेट काढा.

झोपताना दुखऱ्या कुशीवर नको. दुसऱ्या कुशीवर झोपलात तर दुखऱ्या हाताखाली उशी घ्या, तो छातीवर लोंबकळू देऊ नका. उताणे झोपत असाल तर कोपराखाली घडी केलेली चादर.

रॅकेट किंवा गटिंग बदलून फरक पडतो का?

गटिंगनं, म्हणजे रॅकेटमध्ये विणलेल्या तारांनी, पडतो. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन भरायची, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण ती पाहायला जात आणि मोठे खेळाडू वापरतात तसलं पॉलिएस्टरचं कडक गटिंग घालून घेत. ते खेळाडू जवळजवळ प्रत्येक सामन्याला नवं गटिंग करतात. आपण तेच आठ-आठ महिने ओढतो. तोवर त्यातला जीव गेलेला असतो, बॉल नीट उसळत नाही आणि आपण जास्त जोर काढतो. खांदा किंवा कोपर दुखत असेल तर बहुतंतू मऊ गटिंग घ्या आणि ताण दोन-तीन पौंड कमी ठेवा. एकावेळी एकच बदल करा, म्हणजे कशानं फरक पडला ते समजेल. फार हलकी रॅकेट खांद्याला बरी असते हा समजही तितका खरा नाही. ती बॉलचा धक्का कमी झेलते आणि उरलेला हातात येतो. मऊ पडलेले, ओले झालेले बॉल टोपलीतून काढून टाका.

एमआरआयमध्ये कंडरा फाटल्याचं आलंय. आता टेनिस संपलं का?

हा कागद हातात घेऊन रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून ठामपणे सांगते: नाही. साठी ओलांडलेल्या आणि काहीही दुखत नसलेल्या लोकांची तपासणी केली तरी बऱ्याच जणांच्या खांद्यात कंडरा विरलेली किंवा थोडी फाटलेली दिसते. जुन्या लुगड्याचा काठ विरतो तशी ती वयानं विरते. कागदावरची चीर आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहेच असं नाही. हात किती वर जातो, जोर किती आहे, रात्री झोप लागते का, यावरून उपचार ठरतात. अशा चिरांपैकी पुष्कळ फक्त व्यायामानं खेळण्याजोग्या होतात.

पडल्यावर किंवा एखाद्या झटक्यानंतर अचानक हात उचलताच येईना, ही गोष्ट निराळी. तिथे आठवडे घालवू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. अशी ताजी पूर्ण चीर लवकर शिवली तर निकाल चांगला येतो. रशियाची टेनिसपटू मारिया शारापोव्हानं ऑक्टोबर २००८ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१२ मध्ये ती फ्रेंच ओपन जिंकली. पण मधल्या वर्षांत सर्व्हिस पूर्वीसारखी बसवायला तिला फार झगडावं लागलं. शस्त्रक्रिया म्हणजे सुटका नव्हे, त्यानंतरही पट्टा हातात घ्यावाच लागतो.

फ्रोजन शोल्डर तर नाही ना?

वय चाळीस ते साठ, मधुमेह किंवा थायरॉइड, आणि हात दिवसेंदिवस कमी वळतोय, असं असेल तर शंका घ्या. कोपर कमरेला लावून पंजा बाहेर नेऊन पाहा. दुसऱ्या कोणी हलकेच ढकलला तरी तो पुढे जात नसेल, तर सांध्याचं आवरणच आखडलेलं असण्याची शक्यता आहे. कंडरेच्या दुखण्यात स्वतःला जमलं नाही तरी दुसऱ्यानं उचलला की हात जातो. फ्रोजन शोल्डर बरा व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि ठणक्याच्या पहिल्या टप्प्यात ओढून-ताणून व्यायाम केले तर तो चिडतो. ज्यांना मधुमेह आहे हे ठाऊक नव्हतं आणि खांद्यामुळे साखर तपासली तेव्हा कळलं, अशी माणसं माझ्याकडे येऊन गेली आहेत. एकदा साखर तपासून घ्याच.

इंजेक्शन घ्यावं का?

ठणक्यामुळे झोप आणि व्यायाम दोन्ही अशक्य झालं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं एक स्टेरॉइड इंजेक्शन उपयोगी पडतं. ते काही आठवडे वेदना दाबतं, त्या मुदतीत व्यायाम करून घ्यायचे. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, ती तपासत राहा. इंजेक्शन घेऊन चौथ्या दिवशी स्पर्धा खेळायला जाणं हा स्वतःच्या कंडरेवर केलेला अन्याय आहे.

ताबडतोब डॉक्टर कधी गाठायचा?

खांद्याचा आकार बदलला, हात सुन्न पडला किंवा पंज्यातला जोर गेला, ताप आणि लाल गरम सूज आली, विनाकारण वजन घटतंय आणि रात्रीचा ठणका थांबत नाही, तर त्याच दिवशी. आणि डावा खांदा किंवा हात दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, मळमळ किंवा धाप आहे, हात हलवल्यानं दुखण्यात काही फरक पडत नाही, तर ते टेनिस नाही, हृदय असू शकतं. तिथल्या तिथे बसा, १०८ ला फोन करायला सांगा, स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. सकाळच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं, असं मला फार वाटतं.

पूर्ण सर्व्हिस पुन्हा कधी सुरू करू?

हात न दुखता कानाला लागेपर्यंत वर जातो, पट्ट्याच्या व्यायामात दोन्ही हातांचा जोर साधारण सारखा आहे आणि चहाच्या डब्याची परीक्षा सलग आठवडाभर पास झाली आहे, या तिन्ही गोष्टी जमल्या की. पहिल्यांदा बॉलशिवाय सावकाश हात फिरवा. मग सर्व्हिस लाइनवर उभं राहून पंधरा-वीस हलक्या सर्व्हिस, एक दिवस आड. दोन सकाळी ठीक गेल्या की बेसलाइनवर या, आणखी दोन सकाळी ठीक गेल्या की दहा वाढवा. जोर सगळ्यात शेवटी. किक सर्व्हिस (बॉलला फिरकी देऊन उंच उसळवणारी) आणि स्मॅश त्याच्याही नंतर. घाई झाली तर एक पायरी मागे या, पुन्हा पहिल्यापासून नको. याला सहा ते आठ आठवडे लागतात.

तोवर चौथा भिडू कमी पडतो. अंडरआर्म सर्व्हिस केली तर चालते का?

चालते, नियमात बसते. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये सतरा वर्षांच्या मायकेल चँगला इव्हान लेंडलविरुद्ध पायांत गोळे आले होते, तेव्हा त्यानं पाचव्या सेटमध्ये अंडरआर्म सर्व्हिस टाकून पॉइंट मिळवला आणि सामनाही जिंकला. आमच्या ग्रुपमधल्या सत्तरीतल्या एक मावशी खांद्याच्या दुखण्यात तीन महिने अशाच खेळल्या. बॉल कंबरेजवळून कापत, कडेला वळवत टाकायच्या, आणि मातीवर तो इतका खाली बसायचा की समोरच्याला धावत पुढे यावं लागायचं. फक्त बॉल हातातून सुटल्यावर जमिनीला लागायच्या आत मारायचा आणि तोवर पाय बेसलाइनवर पडू द्यायचा नाही.